पाळकसाहेबांची कवळी

६ जानेवारी, सोमवार

पाळकसाहेब म्हणाले, "ताई, मनात येईल ते लिहून काढा. मला सांगू नका, देवालाही सांगू नका हवं तर. वहीला सांगा." म्हणून ही वही आणली.
मनात काहीच येत नाही, हीच तर तक्रार आहे. झालं लिहून.

७ जानेवारी

काल लिहिलेलं वाचलं. एवढ्यासाठी कोरी वही खराब केली म्हणून वाईट वाटलं. निदान नीट तरी लिहावं.
मी दात बनवते. म्हणजे बनवत होते. सव्वीस वर्षं गावातल्या तिन्ही डॉक्टरांच्या कवळ्या माझ्या हातून गेल्या. गेल्या सप्टेंबरात तिघांनी मिळून एक मशीन घेतलं. त्यात तोंडाचा फोटो घालायचा की खालून दात पडतात. मशीन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबला कुलूप लावलं आणि घरी येऊन झोपले. तेव्हापासून साधारण झोपलेलीच आहे. अकराला उठते. दादा चहा ठेवतो, तो गार होतो, मग तो परत गरम करतो. "कवळे, हा तिसऱ्यांदा," एवढंच म्हणतो.
दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा, आता डोळे साथ देत नाहीत. वहिनी गेल्यापासून चार वर्षं त्याने देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, पायरी चढलेली नाही. "देवाशी माझं बोलणं बंद आहे," म्हणतो. "भांडण मिटलं की कळवीन."
माझं भांडण नाही. मी दर रविवारी जाते, बसते, उठते, परत बसते. पण प्रार्थना करायला डोळे मिटले की समोर नुसतं प्लास्टर दिसतं.

१० जानेवारी, शुक्रवार

आज विचित्र प्रकार. पाळकसाहेबांनी निरोप पाठवून लॅब उघडायला लावली. म्हणाले, कवळी सैल झाली, नवी करून द्या. मी म्हटलं, मशीनकडे जा. माझे हात गेले. सप्टेंबरपासून साधं मेण वितळवलेलं नाही.
ते म्हणाले, "बरं." मग तोंडातून वरची कवळी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि चालू लागले. मी मागे धावले तर रस्त्याच्या पलीकडून हात हलवून काहीतरी म्हणाले. दात नसल्यामुळे कळलं नाही. "प्रभू तुमचं भलं करो" असावं किंवा "परवा येतो."
उद्या त्यांना एक लग्न लावायचं आहे.

११ जानेवारी

लग्न लागलं. कवळी घेऊन मी वेळेत पोचले होते, पण ते घेईनात. नुसती मान हलवत होते. नवऱ्या मुलाला प्रश्न कळेना. त्याने अंदाजाने तीनदा "हो" म्हटलं. एक "हो" बहुतेक "कोणाची हरकत आहे का" या प्रश्नाला गेला. नवरीच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच दात पळवले.
सोमवारी काम सुरू करते. माझा नाइलाज आहे.

१३ जानेवारी

माप घेतलं. माप घेणं खरं तर डॉक्टरांचं काम, पण इतक्या वर्षांत अडल्यानडल्यांची मी इतकी मापं घेतली आहेत की कोणी विचारत नाही.
हात थरथरत होते. त्यांनी पाहिलं, पण काही म्हणाले नाहीत. तोंडात मापाचा चमचा होता.

२२ जानेवारी

कवळी झाली. चकाकी छान आली आहे. बसलीही घट्ट. त्यांनी आरशात पाहिलं, दहा आकडे मोजले आणि म्हणाले, "ताई, मी दहा वर्षांनी लहान झालो." मी घरी येऊन दादाच्या पहिल्याच चहाला उठले, म्हणजे झोपलेच नव्हते.

२६ जानेवारी, रविवार

मेले. पुढे लिहिण्यात अर्थ नाही.

(संध्याकाळी) लिहिते. आज उपासनेला पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "प्रभु येशू..." आणि "शू"वर शिट्टी वाजली. साधी नाही, पोलिसाची. पहिल्या बाकावरचे पी.टी. मास्तर ताडकन उभे राहिले. त्यांना पाहून मागची शाळेची मुलं उभी राहिली. पाळकसाहेब गोंधळून म्हणाले, "बसा, बसा," त्यात दोन शिट्ट्या झाल्या. तेव्हा दारातून पहारेकऱ्याचा कुत्रा, ज्याला सगळे लंगडा म्हणतात, आत आला आणि मधल्या वाटेने सरळ व्यासपीठापाशी जाऊन बसला.
आज उपदेशाचा विषय "विश्वास" होता. एका शब्दात दोन.
मी देवळातून शेवटचं गीत व्हायच्या आत निघाले. दहा आकडे मोजून कवळी तपासतं का कोणी? शेवटचा आकडा "दहा"! एक ते दहात "सहा" आणि "सात" सोडून कुठे स आहे? आणि ते त्यांनी मला बघून हळू म्हटले असणार.

२७ जानेवारी

दार लावून पडले होते. दादाने बाहेरून सांगितलं, "पाळक आलेत. हसताहेत." हसताहेत! लॅबमध्ये नेलं. पुढच्या दातांच्या मागे टाळूचा आकार चुकला होता, तिथून हवा निसटत होती. शिकाऊ मुलीनेही करू नये अशी माझी चूक. भर घातली, घासलं, पॉलिश केलं. त्यांच्याकडून "सशाने सात शेंगा सोसायटीत सोलल्या" असं वाक्य वीस वेळा म्हणवून घेतलं. एकही शिट्टी नाही. जाताना ते जरा हिरमुसलेले वाटले. माझ्यावरचा राग गिळत असणार.

२ फेब्रुवारी, रविवार

परत वाजली! आणि जास्त खणखणीत.

३ फेब्रुवारी

कवळी तपासली. भर घातलेल्या जागी मधोमध एक बारीक खोबण पडली आहे. तिच्यावर ओरखडे, सगळे एकाच दिशेने. मी विचारलं, "काय खाता तुम्ही?" म्हणाले, "कडक टोस्ट." सव्वीस वर्षांत टोस्टाने अशी खोबण पडलेली मी पाहिली नाही. माल हलका निघाला बहुतेक. नवीन डबा उघडला आणि परत भर घातली.

९ फेब्रुवारी, रविवार

वाजली. उपासनेनंतर देवळाच्या पंचांची सभा होती. मला बोलावलं होतं, म्हणजे आरोपी म्हणून. चिटणीस हा माणूस कायदेशीर. त्याने ठराव आणला की कवळी सुधारेपर्यंत पाळकांनी स, श आणि ष ही अक्षरं टाळावीत आणि "येशू"च्या जागी सर्वत्र "प्रभू" म्हणावं. आशीर्वादाचा पर्यायी मसुदाही त्याने आणला होता. त्याचं नाव "कृपावचन".
पण ठराव मोठ्याने वाचून दाखवणं हे अध्यक्षांचं काम आणि अध्यक्ष पाळकसाहेब. ठराव वाचताना एकवीस शिट्ट्या झाल्या. "चिटणीस" या शब्दावर झालेली सर्वांत मोठी होती. लंगडा आला. ठराव मतदानाला न टाकता सभा संपली.
मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

पाळकीणबाई लॅबवर आल्या. मला वाटलं खडसावायला. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि उगाच बसल्या. म्हणाल्या, "दोन वर्षं हे कागदात तोंड घालून पुटपुटायचे. तिसऱ्या बाकाच्या मागे ऐकू जायचं नाही. अर्धी मंडळी झोपायची, उरलेली यायचीच नाहीत. आता घरी मोठ्याने तालीम करतात."
मग म्हणाल्या, "टेबलाच्या खणात बिशपसाहेबांच्या नावाचं एक पाकीट होतं, दिवाळखोर माणसासारखं रोज काढून बघायचे. गेल्या आठवड्यापासून ते दिसत नाही."
पाकीट बिशपसाहेबांना! म्हणजे माझी तक्रार थेट वर गेली. मी विचारलं, "टाकलं का पोस्टात?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझं आपलं काहीतरीच."

१७ फेब्रुवारी

चौथी दुरुस्ती. हल्ली सोमवारी सकाळी आठलाच पाळकसाहेब दारात उभे असतात, त्यामुळे सातला उठावं लागतं. दादाचा चहा गरम मिळतो. ही एक सोय झाली.
आज ते टाळूचा ठसा बघायला वाकले तेव्हा त्यांच्या खिशातून नखं घासायची कानस पडली. पटकन उचलून म्हणाले, "नखांसाठी." त्यांची नखं मी पाहिली आहेत. दातांनी कुरतडून पार मुळाशी नेलेली असतात. माणूस नखं कुरतडतो आणि वर कानसही बाळगतो. पाळकांचंही काही खरं नसतं.
त्यांच्यामागून एक म्हातारे गृहस्थ आले, खालची कवळी टोचते म्हणून. दिली करून.

२ मार्च, रविवार

दादा आज देवळात आला.
मी दाढेखाली जीभ धरली, न जाणो काही बोललं तर परत जायचा. बाहेर फाटकाशी म्हणाला, "बहिणीचं काम ऐकायला आलोय. बाकी काही समजू नकोस." सर्वांत मागे, खांबाच्या आड बसला. पाळकसाहेबांनी त्याला पाहिलं. पुढचा उपदेश जरा जास्तच वाजला.
देऊळ भरलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावरही लोक होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, लोक तमाशा बघायला येतात. पण एक मात्र खरं, झोपलेलं कोणी नव्हतं.

५ मार्च

तपासणीसाठी शब्दांची यादी केली. वाजणारे एकीकडे, न वाजणारे दुसरीकडे. पाप, मरण, नरक, भय, दुःख, अंधार: यांत शिट्टी नाही. विश्वास, आशा, शांती, आशीर्वाद, स्वर्ग, येशू: सगळे वाजतात. कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिले. काहीतरी सापडल्यासारखं वाटलं.
दादाला दाखवली. त्याने चष्मा लावून वाचली आणि म्हणाला, "सैतान कुठाय? आणि निराशा?"
दोन्ही वाजतात. यादी फाडून टाकली. मग दादा स्वतःशीच म्हणाला, "पण येशू जास्त वाजतो हां. सैतानाचा स दबका येतो." आणि कधी नव्हे ते वहिनीची आठवण काढली, की ती असती तर हसून हसून बाकाखाली पडली असती. आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तो उठून आत गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून तोंड धूत बसला.

१६ मार्च

वाजली. आता मी मोजत नाही.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस मोठा आहे, सगळं लिहिते.
उपासनेला अजून पाऊण तास होता. मी फुलं लावत होते. पाळकसाहेब बाजूच्या दाराने आले, तोंडावर रुमाल. मला हाताने खुणावलं. रुमालात कवळी, दोन तुकड्यांत. बरोबर मधून, खोबणीतून मोडलेली.
लॅब दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही जवळपास धावलो. दिव्याखाली तुकडा धरला आणि मी थक्कच झाले. टाळू कागदासारखा पातळ. दर सोमवारी भर घालत होते, ती गेली कुठे? ओरखडे एकाच दिशेचे. नखांची कानस. कुरतडलेली नखं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, पडायला आठ आठवडे लागले हे लिहायला लाज वाटते.
"तुम्ही घासत होतात?"
त्यांनी मान खाली घातली. दात नसल्यामुळे जे बोलले ते तीनदा विचारून घ्यावं लागलं. मी इथे नीट करून लिहिते.
"पहिल्या रविवारी वाजली ती तुमची चूक. बाकीच्या माझ्या."
मला इतका राग आला की मी त्यांना अरेतुरेच केलं असतं. "मी देवळात मान वर करू शकत नव्हते! पंचांनी मला उभं केलं! मी देवाला विचारत होते, आणखी काय घ्यायचं राहिलंय माझं? आणि तुम्ही घरी बसून नखांच्या कानशीने..."
"हो," ते म्हणाले. "माझं चुकलं. घोर चुकलं."
मग स्टुलावर बसले. म्हणाले, त्या पाकिटात त्यांचा राजीनामा होता. दोन वर्षं त्यांना वाटत होतं, आपलं बोलणं भिंतीपर्यंत जातं आणि तिथेच पडतं. नवी कवळी फक्त मला कामाला लावावं म्हणून सांगितली होती, एवढं एक काम करून मग पाकीट टाकायचं. आणि त्या रविवारी शिट्टी वाजली आणि सगळ्यांनी माना वर केल्या. "दोन वर्षांत पहिल्यांदा मला माणसांचे चेहरे दिसले, ताई. पुढच्या सोमवारी तुम्ही दुरुस्त केलीत, आणि मी घाबरलो. आणि शिवाय वाटलं, वाजली नाही तर तुम्ही लॅब परत बंद कराल."
"मग आज काय करू? शिट्टी ठेवू?"
त्यांनी दोन्ही तुकडे माझ्यापुढे सरकवले. "तुम्ही सांगा," म्हणाले.
मी पावडर आणि द्रव मिसळलं. हात थरथरत नव्हते. हे मला आता लिहिताना लक्षात येतंय, तेव्हा आलं नाही. मी म्हटलं, "नाही ठेवणार. मी बनवलेली कवळी वाजत नाही."
तुकडे जुळवले, भर घातली. घट्ट व्हायला बारा मिनिटं. एवढ्या वेळात करण्यासारखं काहीच नसतं. ते म्हणाले, "प्रार्थना करू का?" मी हो म्हटलं. त्यांनी प्रार्थना केली. दात नसलेल्या तोंडाची प्रार्थना, त्यातलं एक अक्षर मला समजलं नाही. नुसतं फुफु आणि मम. एकदा माझं नाव आल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटले होते. प्लास्टर दिसलं नाही. काहीच दिसलं नाही, पण समोर कोणीतरी ऐकत बसलंय असं वाटत होतं, आणि त्याला ते फुफु व्यवस्थित कळत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी टेबलावर पडलं, ते मी बाहीने पुसलं, कारण ओल लागली तर सांधा बिघडतो.
देवळात पोचलो तेव्हा अकरा मिनिटं उशीर झाला होता. गोंधळ होईल वाटलं होतं. पण आत शास्त्रवाचन चाललं होतं. दादा वाचत होता. व्यासपीठावर उभा राहून, पुस्तक नाकाला लावून. चिटणीस मागाहून म्हणाला, कोणीच उठेना तेव्हा हे खांबामागून आले आणि म्हणाले, "द्या इकडे, माझ्या बहिणीमुळेच उशीर होतोय."
पाळकसाहेब उभे राहिले. म्हणाले, "प्रभु येशू..."
काही नाही. साधा, स्वच्छ शब्द. सगळं देऊळ वाट बघत राहिलं. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हा माणूस परत कागदात तोंड घालतो.
तेवढ्यात मागून शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, घड्याळाच्या दुकानातून रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला मारायची असते तशी. दादा. पी.टी. मास्तर उभे राहिले. मग जो काही हशा झाला, तसा त्या देवळात कधी झाला नसेल. पाळकसाहेब व्यासपीठ धरून हसत होते. कवळी हलली नाही. मी बघत होते.
हसू ओसरल्यावर ते कागदाविना बोलले. त्या संदेष्ट्याबद्दल, जो थकून एका झाडाखाली जाऊन पडला आणि म्हणाला, पुरे झालं, आता मला ने. "देवाने त्याला विचारलं नाही, तुझा विश्वास कुठे गेला. आधी झोपू दिलं. उठवून खायला दिलं. परत झोपू दिलं. परत खायला दिलं. आणि मग म्हणाला, ऊठ, वाट लांब आहे." मग त्यांनी सगळ्या मंडळीसमोर कानशीची गोष्ट सांगितली, राजीनाम्याचीही. माझी क्षमा मागितली.
कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होतं.
दादा घरी येताना म्हणाला, "भांडण मिटलेलं नाही. पण बोलणं सुरू केलंय."

२४ मार्च

सोमवार. सवयीने सातला उठले. आठला दारात पाळकसाहेब नव्हते. त्यांच्याऐवजी चिटणीस उभा होता. इकडेतिकडे बघून म्हणाला, "माझ्या कवळीला थोडी शिट्टी बसवता येईल का? सभेत कोणी लक्ष देत नाही."
नाही म्हणून सांगितलं.

२ एप्रिल, बुधवार

मशीनने एका आजींना परत पाठवलं. हिरडी फार झिजलेली, फोटो येईना. डॉक्टरांनीच माझा पत्ता दिला. आजींना दोन वर्षं दात नाहीत. सून ताट खोलीत आणून देते, कारण त्यांना चारचौघांत खायला लाज वाटते. खुर्चीत बसतानाच म्हणाल्या, "तू देवळातली ना गं? माझ्यासाठी दोन शब्द बोल देवाकडे. माझ्याच्याने आता होत नाही. काय मागायचं तेच सुचत नाही."
मी म्हटलं, मलाही फारसं येत नाही.
"मग येतं तेवढं बोल."
मी मापाचा चमचा भरून त्यांच्या तोंडात घातला. तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. एरवी मी घड्याळाकडे बघते. आज त्यांचा हात धरला आणि मोठ्याने बोलायला लागले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. या बाईला सर्वांबरोबर बसून जेवू दे, असं म्हटलं. तिची लाज काढून घे. मलाही सकाळी उठव, रोज उठव, मी तुला रोज विचारणार आहे. मध्येच सुचेना तर गप्प राहिले, आणि गप्प राहिलेलंही चाललं. आजींच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, तोंड उघडं, चमच्याची दांडी बाहेर.
बोलणं संपलं आणि बघते तर चार मिनिटं झाली होती. चमचा ओढून काढला. ठसा सुरेख आला होता, हिरडीची रेघ अन् रेघ.
आजींनी जीभ फिरवली, ओठ पुसले, आणि म्हणाल्या, "आमेन. कधीची थांबलेय."